बानाबाईच्या घारी

आमच्या कारखान्यात एक तोफ होती. तोफ म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ आठवते. आमची तसली देखणी नव्हती. एक लांबलचक पोलादी नळी, तिच्या बुडाला दाबून भरलेल्या हवेची टाकी आणि नळीच्या तोंडासमोर लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेली विमानाची काच. या तोफेतून आम्ही त्या काचेवर मेलेली कोंबडी डागायचो. हसू नका, नियमच तसा आहे. विमान चढताना नाहीतर उतरताना एखादा पक्षी समोर येतो. पक्षी मऊ असतो, पण विमानाचा वेग मऊ नसतो. काच फुटली तर सगळं थेट वैमानिकाच्या तोंडावर येतं आणि मग मागे बसलेल्यांचा वाली कुणी नाही. म्हणून विमानात बसण्याआधी काचेनं एक पक्षी अंगावर झेलून दाखवायचा असतो.

तोफ डागायचं काम माझ्याकडे होतं. मी लासूर स्टेशनचा, आयटीआय केलेला फिटर. गावाकडे कुणी नोकरीचं विचारलं तर सांगायची पंचाईत व्हायची. कोंबड्या उडवतो म्हटलं की पारावरची माणसं हसून आडवी व्हायची. माझं लग्न ठरताना आमच्या वडिलांनी 'विमानाच्या कारखान्यात आहे' एवढंच सांगून विषय मिटवला होता.

आमची शेड चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी टोकाला होती. मागे पडीक रान, रानाच्या पलीकडे विमानतळाची भिंत. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं.

परीक्षेसाठी कोंबडी ताजी मारलेली लागायची. पिसांसकट, रक्तासकट आणि ठरलेल्या वजनाची. बर्फातली चालत नाही, तिचा दगड होतो. खाटकाकडे न्यावी तर तो रक्त काढून टाकतो. मग मारायची कुणी? कारखान्यात मटणाच्या पंगतीला सगळे मांडी ठोकून पुढे, पण मान मुरगळायची वेळ आली की एकेकाला एकादशी आठवायची. शेवटी आमचे मुख्य इंजिनियर नानासाहेब (हे टोपणनाव नव्हे, त्यांच्या दाखल्यावरचंच नाव) बाह्या सरसावून पुढे झाले. कोंबडी त्यांच्या हातातून निसटली, फडफडत जाऊन तोफेवर बसली आणि वरून त्यांच्याकडे बघत राहिली. नानासाहेबांना घाम फुटला होता. तेवढ्यात मागच्या भिंतीवरून एका बाईनं डोकं काढलं. ती पलीकडे शेळ्या चारत होती.

"कायला छळायलेत ओ तिला? द्या हिकडं."

ती बानाबाई. ती फाटकातून आत आली, कोंबडीला खाली उतरवलं, छातीशी धरून खांद्यावरची घोंगडी तिच्यावर ओढली. कोंबडी अंधारात गप्प झाली. बानाबाईनं पाणी मागितलं, बोटानं एक थेंब तिच्या चोचीत सोडला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली आणि पुढे काय झालं ते आम्हाला दिसलंही नाही. घोंगडी बाजूला केली तेव्हा कोंबडी मेलेली होती आणि तिचं एक पीसही इकडचं तिकडे झालं नव्हतं. नानासाहेबांनी तिला त्याच दिवशी कामावर घेतलं.

बानाबाई मूळची दौलताबादच्या खालच्या अंगाच्या एका वस्तीवरची, धनगराची. वय विचारलं तर म्हणायची, "पोलीस ॲक्शन झालं तव्हा म्या आईच्या अंगावर पीत व्हते. करा हिशोब." नवऱ्याचं नाव मल्हारराव. दोघांनी जन्मभर मेंढरं राखली. पावसाळ्यात कन्नडच्या घाटाखाली, उन्हाळ्यात गोदावरीच्या अंगाला, अशी त्यांची फिरती. एका पावसाळ्यात घाटाखालीच रोग आला आणि कळपच्या कळप झोपला. डॉक्टर जीप घेऊन आला. म्हणाला, यातलं एकही खायचं नाही, कातडंसुद्धा काढायचं नाही, खड्डा करा, पुरा आणि वरून चुना टाका, म्हणजे रोग पसरणार नाही. डॉक्टरचं बरोबरच होतं. मल्हाररावांनी स्वतःच्या हातानं मेंढरं ओढत नेऊन खड्ड्यात टाकली आणि वरून चुन्याच्या गोण्या रिकाम्या केल्या. त्यानंतर त्या माणसानं हातात काठी धरली नाही. वर्षाच्या आत तो गेला आणि बानाबाई दोन शेळ्या घेऊन चिकलठाण्याला भावाच्या आसऱ्याला आली.

तिच्या माहेरी-सासरी एक रीत होती. जीव घ्यायचा तर तो कुणाच्या तरी मुखी लागला पाहिजे. देवाचं बकरं असो की पाहुण्याला कापलेला कोंबडा, त्याचं बोटभरही वाया जाऊ द्यायचं नाही. माणसानं खावं, उरलं ते कुत्र्यानं खावं, कुत्र्यानं सोडलं ते मुंगीनं. "मुखी लागला तर त्यो जीव सुटला," ती म्हणायची. "नायतर तुमी त्येला नुसता मारला." चुन्याखाली गेलेली मेंढरं मुंगीच्याही मुखी लागली नव्हती. ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

आता अशा बाईला आम्ही कोणत्या कामावर ठेवलं होतं, ते बघा.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, परीक्षा म्हणजे कोंबडी एकदा काचेवर आपटायची आणि मग कारखान्यात शिजवायची. ती बाहेर कानावर हात ठेवून बसली होती. तोफेचा बार झाला तशी घमेलं घेऊन आत आली आणि मला म्हणाली, "मसाला हाये का, का म्या वाटून आणू?" मग तिनं चौकटीकडे पाहिलं. काच एका कोपऱ्यातून तडकली होती. पिसं छतापर्यंत उडाली होती. काचेखाली फरशीवर लाल लगदा पडला होता आणि आमचा एक कामगार नळीनं पाणी मारून तो गटारीकडे लोटत होता.

"थांब रं," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हे आता खाणार कोण?"

नानासाहेबांनी तिला नीट समजावलं. यात काचेचे कण असतात, खाल्लं तर माणूस मरेल, कुत्रंही मरेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. दुपारी भाकरीचं गाठोडं सोडलं नाही, तसंच घरी नेलं. ती उद्या येणार नाही अशी माझी खात्री होती.

ती आली. पुढची परीक्षा झाल्यावर नळीवाल्याच्या आधी आत शिरली, लगदा घमेल्यात भरला आणि खिडकीखाली उजेडात जाऊन बसली. तांदूळ निवडावेत तसा एकेक तुकडा बोटांनी चाचपून पाण्यात खळबळायची, कण दिसला की बाजूला टाकायची, पुन्हा उजेडाकडे धरून बघायची. मी म्हणालो, "मावशी, कशाला जिवाला त्रास? तुमचा पगार कोंबडी मारण्याचा आहे."

"मारायचाच पगार हाये म्हणून तर," ती म्हणाली. माझ्या फटकळ तोंडाला गप्प बसवणारी माणसं तशी थोडी.

निवडलेलं मांस तिनं मागच्या भिंतीपलीकडच्या एका सपाट धोंड्यावर ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. बऱ्याच वेळानं आभाळातून एक घार उतरली, तुकडा उचलून गेली. बानाबाईनं घारीला हात जोडले. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिथून तो नेमच झाला. परीक्षा आठवड्यातून दोन-तीनदा असायच्या. हळूहळू घारी वाढल्या. धोंड्यावर ठेवायची गरज उरली नाही, ती तुकडा वर भिरकावायची आणि घार हवेतच तो झेलून न्यायची. सगळ्यात गंमत तोफेच्या आवाजाची. त्या आवाजाला शेडवरची कबुतरं पार चौकापर्यंत पळायची, पण घारी उलट गोळा व्हायच्या. बार झाला की आभाळात घिरट्या सुरू. त्यात एक पायानं अधू होती, तिला बानाबाई लंगडी म्हणायची. ती तर हातातून घास न्यायची. आम्ही सगळे जेवणाच्या सुट्टीत भिंतीवर बसून हा तमाशा बघायचो. खोटं कशाला बोलू, आम्हाला त्याचं कौतुकच होतं.

मग परीक्षा नसलेल्या दिवशीही घारी यायला लागल्या. बानाबाईला ते बघवेना. "त्यांना काय ठाव आज सायबाची परीक्षा नाय म्हणून?" असं म्हणून ती मटणाच्या दुकानातून टाकाऊ आतडी-कातडी आणायला लागली. एका कोंबडीचा जीव सोडवायला सुरू केलेलं काम आता आभाळभर झालं होतं.

एके दिवशी विमानतळावरचा फकिरा आमच्या फाटकात आला. त्याचं काम धावपट्टीवरचे पक्षी हाकायचं. फटाके फोडायचे, डबे बडवायचे, कुत्री हुसकवायची. घरची चार एकर सांभाळून नोकरी करणारा, साधा माणूस. मी त्याला मागे घेऊन गेलो. बानाबाई तेव्हा घास भिरकावत होती. फकिरा आ वासून बघत राहिला.

"या अल्ला," तो म्हणाला. हा आमच्या शहराचा गुण, तोंडात कुणाचाही देव येतो. "मावशी, म्या तिकडं फटाके फोडू फोडू हैरान, आन् तुमी हिकडं दावत देऊन ऱ्हायलात?"

"घास घालते रं. कुणाचं काय वंगाळ केलं?"

"मावशी, ह्या घारी तुमच्याकडं येतेत ते आमच्या पट्टीवरून येतेत. विमानाच्या आडव्या. एखादी घुसली ना, तर माझी नोकरी मरू द्या, विमानातल्या माणसांचं काय?"

"आभाळ केवढं मोठं हाये. एवढ्या आभाळात ती घार आन् ते विमान एकाच जागी कशाला येतील?"

फकिरानं माझ्याकडे पाहिलं. मीही सांगून पाहिलं, आवाज चढवूनही सांगितलं. ती ऐकत नव्हती असं नाही. ती म्हणाली, "बरं, कमी करते." दोन दिवस तिनं घास घातला नाही, ते मांस पोत्यात भरून घरी नेलं आणि शेजारच्या कुत्र्यांना घातलं. पण घारी शेडवर ओरडत फिरत राहिल्या. घारीचं ओरडणं ऐकलंय कधी? लांबून कुणीतरी बारीक गळा काढून रडतंय असं वाटतं. तिसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात बसून ते ऐकत होती. मग उठली, लुगड्याचा पदर खोचला आणि घमेलं उचललं. मी तिला अडवलं नाही, कारण तिचा चेहरा अडवण्यासारखा नव्हता.

ते घडलं त्या दिवशी परीक्षा नव्हती. बानाबाई सकाळी लवकर येऊन घास घालून गेली होती आणि आम्ही नुकतेच कामाला लागलो होतो. मुंबईचं विमान चढताना रोजचा आवाज आला आणि मध्येच बदलला. मी बाहेर पळालो. विमान थोडं पुढे जाऊन वळलं, मोठा फेरा मारला आणि परत उतरलं. आमचा धंदाच तो होता, काय झालं असेल ते प्रत्येकाला कळलं होतं.

दुपारी फकिरा आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे आत आला, बानाबाईपुढे बसला आणि हातातलं पोतं तिच्यासमोर ठेवलं.

"मावशी, ही तुमची का?"

तिनं पोतं उघडलं. आत लंगडी होती. एक पंख उरला नव्हता, बाकी अंग तसंच होतं. बानाबाईनं तिला मांडीवर घेतलं आणि गळ्याखाली, जिथे पक्ष्याची अन्नाची पिशवी असते, तिथे बोटांनी चाचपलं. ती पिशवी भरलेली होती. सकाळचा घास अजून तिथेच होता.

"माणसं?" तिनं विचारलं.

"वाचली. ही नुसती तिरकी घासून गेली, तरी काचेचा वरचा थर तडकला, आतला तगला. सगळे हातपाय धडधाकट उतरले. एक बाई होती, तान्हं घेऊन. ती उतरली तसं खालीच बसली, लेकराला घट्ट धरून. उठंचना."

बानाबाईनं पोतं बाजूला सारलं. लंगडीला तिनं स्वतः मागच्या रानात, लिंबाखाली खड्डा करून ठेवलं, माती हलकी सोडली. मुंग्यांची रांग जवळून जात होती, ते बघून ती उठली. मग सरळ माझ्याकडे आली.

"भाऊ, मला ती तोफ दाव."

इतक्या दिवसांत तिनं बार कधी पाहिला नव्हता. कोंबडी आमच्या हातात द्यायची, बाहेर जाऊन कानावर हात ठेवायचे आणि बार झाल्यावर आत यायचं. आधीचं आणि नंतरचं सगळं तिचं होतं, मधलं तिला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. कोंबडी तिनंच मारली, थेंबभर पाणी पाजून, रोजच्यासारखी. मग जाड काचेमागच्या आमच्या खोलीत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. मी बटण दाबलं. बार झाला.

"कव्हा गेली?" तिनं विचारलं.

"गेली मावशी. डोळ्याला दिसत नाही."

मग नानासाहेबांनी कॉम्प्युटरवर तेच चित्र हळू चालवून दाखवलं. नळीतून कोंबडी निघाली. तिचीच कोंबडी, तांबूस पिसांची. ती हळूहळू काचेकडे येत गेली, टेकली, आणि ती जाडजूड काच कापडासारखी आत दबली. कोंबडी कोंबडी राहिली नाही. काचेवर चिरा धावल्या, पण काच थांबली, फुटली नाही. खोलीतल्या माणसांनी हुश्श केलं, कारण काच पास झाली होती. बानाबाई मात्र पडद्याजवळ गेली आणि काचेच्या मागच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं माणूस बसतो?"

"दोघं बसतात," नानासाहेब म्हणाले.

"एका कोंबडीनं एवढं व्हतं?"

"एका कोंबडीनं. घारीनंही होतं."

ती खुर्चीत बसली. तिला खुर्चीवर बसलेलं मी तेव्हाच पाहिलं, एरवी ती जमिनीवरच बसायची. मग म्हणाली, "म्या समदं कोंबडीचंच बघत बसले. काचंमागं कोण हाये ते बघितलंच नाय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. मला फार वाईट वाटलं. तिचा हेतू वाईट नव्हता, हे सांगूनही उपयोग नव्हता, कारण ते तिला माहीत होतं आणि त्यानं काही बदलत नव्हतं.

विमानतळावर जाऊन नानासाहेबांनी घारींचं सगळं खरं सांगितलं. परत आल्यावर मागच्या बाजूला खड्डा करायचा हुकूम निघाला. उरलेलं सगळं खड्ड्यात टाकायचं, वर लोखंडी झाकण. वासानं काही येऊ नये म्हणून चुनाही टाकायचा. चुन्याची गोणी टेम्पोतून उतरताना बानाबाईनं पाहिली. हमालाला तिनं विचारलं, "ह्यात काय हाये?" त्यानं सांगितलं. ती वळून शेळ्यांकडे निघून गेली.

घास बंद केला, पण घारी बंद झाल्या नाहीत. बार झाला की यायच्या, फकिराचे फटाके त्यांच्या खिजगणतीत नव्हते. मग बानाबाईनं घरून गोफण आणली, मल्हाररावांची. लांडग्याला हाकायची गोफण ती. मागच्या रानात उभी राहिली, खडा घातला, डोक्याभोवती फिरवून सोडला. तिला घारीला लावायचा नव्हता, जवळून न्यायचा होता. आणि मग जे झालं ते मला आजही नकोसं वाटतं. खडा वर गेला तशी एक घार झेपावली आणि तिनं तो झेलला. पाठोपाठ दुसरी आली. आजवर या बाईचा हात वर गेला की घासच आला होता, त्यांना काय ठाऊक आज खडा आहे म्हणून? ती खडे सोडत राहिली आणि घारी आनंदानं ते झेलत राहिल्या, बोचकून सोडून देत राहिल्या, पुन्हा येत राहिल्या. जितकी ती हाकलत होती तितक्या त्या खाली उतरत होत्या. एक अगदी तिच्या खांद्याजवळून गेली. बानाबाईच्या हातातून गोफण गळून पडली.

"जा गं बायांनो," ती म्हणाली. "जा ना."

आम्ही उपाय करून पाहिले. फकिरा म्हणाला, मावशी, तुमी मागं जाऊच नका, आतच ऱ्हावा. ती पुढच्या फाटकातून यायला लागली. घोंगडी घरी ठेवून आली. पण घार माणूस ओळखते. चिकलठाण्याच्या थांब्यापासून त्या तिच्या डोक्यावरून यायच्या, ती आत गेली की शेडवर बसायच्या, संध्याकाळी निघाली की पुन्हा मागे. ज्या दिवशी तिला ताप आला आणि ती आली नाही, त्या दिवशी कोंबडी मीच कशीबशी मारली; बार होऊनही दोनच घारी आल्या आणि थोड्या वेळात गेल्या. हे फकिरानं पाहिलं, मीही पाहिलं. आम्ही दोघांनीही तिला ते सांगितलं नाही. तिनं बरी झाल्यावर आल्या आल्या स्वतःच विचारलं.

"काल किती आल्या व्हत्या?"

फकिरा खाली बघत म्हणाला, "जास्ती नाय आल्या, मावशी."

तिला कळलं. तिनं त्या दिवशीची कोंबडी मारली, चोचीत पाणी घातलं, आमच्या हातात दिली. मग नानासाहेबांच्या पुढ्यात उभी राहिली. "सायेब, म्या ऱ्हायले तर त्या जाणार नाय. म्या गावाला जाते." नानासाहेबांनी तिला वसाहतीतल्या दुसऱ्या, लांबच्या कारखान्यात काम लावून देतो असं सांगितलं. ती नको म्हणाली. आभाळ तेच हाये, ती म्हणाली.

मी तिला मोटरसायकलवरून बसस्टँडवर सोडलं. तिनं माझ्या बायकोची ओढणी मागून घेतली होती, डोकं-तोंड गुंडाळून बसली होती, घारींना दिसू नये म्हणून. सगळ्या वाटेत एकदाही वर बघितलं नाही. दौलताबादची गाडी लागली तेव्हा ओढणी सोडून, घडी घालून माझ्या हातात दिली आणि चढली. मला काहीतरी बोलायचं होतं. फटकळ माणसाला शिव्या पटकन सुचतात, चांगलं काही सुचत नाही. मी नुसता हात हलवला.

चार-सहा महिन्यांनी वेरूळला काही कामानं गेलो होतो, परतताना तिच्या वस्तीवर वळलो. किल्ल्याच्या सावलीत तिची झोपडी होती. दारात शेळ्या, कुडाला कोंबड्यांचं डालगं. मला बघून तिला आनंद झाला, पण आधी तिनं आभाळाकडे पाहिलं, माझ्यामागे काही आलं तर नाही ना, असं. मग चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

मी सांगितलं की आता बार झाला तरी घार येत नाही. फकिराचं आभाळ मोकळं आहे. तोफेपुढे काच दुसरी बसली, तीही पास झाली.

"उपाशी नाय ना ऱ्हायल्या?"

"नाही मावशी. घारीला काय कमी? मिटमिट्याकडे शहराचा कचरा पडतो तिथं गेल्या असं फकिरा म्हणतो."

ती मान हलवत राहिली. चहात साखर टाकली, ढवळली. मग चुलीकडे बघतच विचारलं, "कोंबड्या अजून मारता?"

"मारतो. नियमच आहे."

"पाणी पाजता?"

"मी पाजतो," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. ती गेल्यापासून ते काम माझ्याकडेच आलं होतं. माझा हात तिच्यासारखा हलका नाही, पण थेंब मी चुकवत नाही.

चहा उतू जायला आला तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिनं ते विचारलं, आणि मला कळलं की इतका वेळ तिला हेच विचारायचं होतं.

"चुना टाकता का रं वरून?"

"नाही," मी म्हणालो. "खड्डा खोल घेतला मावशी, कमरेच्या वर. नानासाहेबांना म्हणालो, झाकण आहे, वास येत नाही, चुना कशाला? त्यांनी होय म्हटलं. गोणी अजून शिवलेलीच आहे, तशीच कोपऱ्यात पडून आहे. झाकण उघडलं की आत किडामुंगी दिसते."

बानाबाईनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"लागंल मंग," ती म्हणाली. "कुणाच्या ना कुणाच्या मुखी लागंल."

तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं, भांडं चुलीवरून खाली घेतलं आणि दोन कपांत चहा ओतला.